चार बोटे माया

दिवाळी आली की घरोघर नव्या कपड्यांचे बेत सुरू होतात. भरजरी सदरा काय, रेशमी परकर काय! पण खरे सांगा वाचकहो, भाऊबीज सरल्यावर ते अंगावर चढतात किती वेळा? उलट शाळेचा गणवेश पाहा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस शाळा. सहावी ते आठवीला २२०. एवढा वापर शालूच्या नशिबी कुठला?

१८७७ साली ज्या गावात 'जुनी गिरणी' निघाली, ते आमचे सोलापूर आज गणवेशही शिवते आणि परराज्यांत धाडते. पण आमच्या भवानी पेठेतल्या विड्या वळणाऱ्या आईला जूनमध्ये एकच प्रश्न पडतो : हा दोन वर्षे पुरेल ना?

जुन्या शिंप्याजवळ याचे उत्तर होते. शिवणीत नि दुमडीत तो जादा कापड सोडी. त्या कापडाला मराठीत शब्द कोणता? माया! पोर वाढले की टाके उसवायचे, दुमड सोडायची. मग थोरल्याची विजार धाकट्याला. घाऊक शिलाईत कापड वाचवायचे, तर पहिली कात्री या मायेलाच लागते. मग कपडा विटण्याआधीच आखूड होतो आणि धडका असून अडगळीत जातो.

तेव्हा यंदा खरेदीला जाल, तर रंग जरूर पाहा. पण कपडा उलटा करूनही पाहा. आत माया आहे का, हे विचारायला मुळीच लाजू नका.