घरांतील शाळा : परातींतलें तळें

लहान मुलास खेळणें आणून दिलें तर त्याची नवलाई चार दिवस टिकते. तेंच करावयास शिकविलें तर सगळा पावसाळा त्यांत सरतो, असा आमचा पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे. या महिन्यांत आम्ही मासे धरण्याच्या खेळाविषयीं लिहिणार आहों. बाजारांत हा खेळ तयार मिळतो. विजेरीवर गरगर फिरणारी थाळी, तींत तोंडें उघडमीट करणारे रंगीत मासे आणि चार चिमुकले गळ. थाळी फिरते आणि मूल बसतें. आमच्या मतें थाळीनें बसावें आणि मुलानें फिरावें, हें अधिक बरें.

आरंभींच एका शंकेचें निरसन केलें पाहिजे. आमच्या सारस्वत वाचकांस ती येणार नाहीं. परंतु इतर कित्येक घरांतील वडील मंडळी विचारतील कीं, ज्या घरांत मत्स्याहार वर्ज्य तेथें मुलांच्या हातीं गळ कशाला? त्यांस आम्ही शतपथब्राह्मणांतील कथेचें स्मरण देतों. हात धुण्याच्या पाण्यांत मनूला एक इवलासा मासा सांपडला. मोठे मासे लहानांस गिळतात, तेव्हां वाढेपर्यंत मला सांभाळ, असें त्यानें विनविलें. मनूनें त्यास आधीं घटांत, मग खड्ड्यांत आणि शेवटीं समुद्रांत ठेविलें. पुढें जलप्रलयांत त्याच माशानें मनूची नौका ओढून नेली. हाच आपला खेळ. एक वाटी, एक परात आणि एक घमेलें मांडावें. लहान मासा वाटींतून परातींत व वाढलेला परातींतून घमेल्यांत न्यावयाचा. मुलें मासे मारीत नाहींत, पोंचवितात. थोडीं मोठीं मुलें असल्यास एका माशाच्या पोटाला अंगठी चिकटवावी, आणि शाकुंतलांतील धीवरास रोहित माशाच्या पोटांत राजाची अंगठी कशी सांपडली, तें सांगावें. नाटक वाचावयास अजून दहा वर्षें असलीं तरी अंगठी ध्यानांत राहते.

आतां साहित्य. मासे जुन्या लग्नपत्रिकांचे करावे. तो कागद जाड असतो आणि घरोघरीं त्यांची रास पडलेली असते. पाण्यांत खेळावयाचें असेल तर दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून त्यांचे मासे कापावे. प्रत्येकाच्या तोंडास कागद अडकविण्याची लोखंडी क्लिप लावावी. काठीसाठीं वर्तमानपत्राचीं चार पानें घट्ट गुंडाळून खळीनें चिकटवावीं. ती हलकी होते आणि भावंडाच्या डोळ्यास लागण्याची धास्ती कमी राहते. दोरा एक वीतच असावा. लांब दोरा गळ्याभोंवतीं गुरफटतो, आणि त्याचा हेलकावाहि मंद असल्यानें नेम साधत नाहीं. वीतभर दोऱ्याचा लोलक जाऊन येण्यास सुमारें एक सेकंद घेतो, मीटरभर दोऱ्याचा दोन. हेलकावा थांबेपर्यंत हात स्थिर धरणें, हेंच या खेळांतील मुख्य कौशल्य. तें कोणी सांगावें लागत नाहीं. हात हलला कीं मासा निसटतो.

दोऱ्याच्या टोंकास लोहचुंबक बांधावयाचा. येथें मात्र कडक नियम आहे. बिघडलेल्या ध्वनिवर्धकांतील कड्यासारखा मोठा चुंबक घ्यावा आणि तो जाड कापडाच्या पिशवींत शिवून टाकावा. वाटाण्याएवढे प्रबळ चुंबक हल्लीं सर्रास मिळतात. ते मुलें असलेल्या घरांत आणूंच नयेत. असे दोन चुंबक पोटांत गेले तर आंतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांस ओढून धरतात, मधला भाग चिमटून मरतो आणि आंतड्यास छिद्र पडतें. बटणासारख्या चपट्या विजेऱ्याहि तितक्याच घातक. अन्ननलिकेंत अडकल्यास दोन तासांच्या आंत तेथें भाजल्यासारखी गंभीर जखम होऊं शकते. अशा वेळीं नुसता संशय आला तरी वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

तीन वर्षांखालील मुलाच्या हातीं चुंबक व क्लिप दोन्ही देऊं नयेत. जी वस्तु ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच, व्यासाच्या नळींतून जाते ती त्याच्या घशांत अडकूं शकते, असें मोजमाप ध्यानांत ठेवावें. अशा बाळास झारा द्यावा आणि परातींत अखंड लिंबें, मोठीं झांकणें व करवंट्या सोडाव्या. तोहि मासे धरतो आणि ओरडून सर्वांस सांगतो. खेळ संपतांच पाणी ओतून द्यावें. लहान मूल वीतभर पाण्यांतहि बुडतें, आणि बुडतांना तें आवाज करीत नाहीं. पाणी असेतोंवर एक वडील माणूस जवळ बसलेलें असावें, व त्याच्या हातांत भ्रमणध्वनि नसावा.

मुलें खेळूं लागलीं कीं प्रश्न आपोआप निघतात. क्लिपेच्या भारानें मासा तळास बसतो. त्याला नारळाच्या सोडणाचा तुकडा बांधला कीं वर येतो. चुंबक पाण्यांतून ओढतो, कागदांतूनहि ओढतो. परंतु पितळेच्या पळीकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. स्टीलचीं कांहीं भांडीं त्यास चिकटतात, कांहीं चिकटत नाहींत. स्वयंपाकघरांतील सर्व भांड्यांची अशी परीक्षा होऊं द्यावी. गृहिणींनीं अर्धा तास सोसावें.

टाकाऊ वस्तूंवर शिक्षण होतें काय, असें ज्यांस वाटतें त्यांनीं बोर्डीची आठवण करावी. कै. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं समुद्रकांठच्या त्या गांवीं बालवाडीचें काम आरंभिलें, कै. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसोरीबाईंच्या पद्धतीचें महाग साहित्य खेड्यांतील गरीब मुलांस कोठून मिळणार? म्हणून तेथें शंखशिंपले, खडे, बिया व पानें हेंच साहित्य झालें.

शेवटीं वडीलधाऱ्यांस एक विनंति. मूल मासा कापतें तेव्हां तो वाकडा होतो. शेपूट डोक्याहून मोठें आणि डोळा पोटावर येतो. तो ‘नीट’ करून देण्यासाठीं आपले हात शिवशिवतात. आजोबा कात्री घेतात, काकू रंग भरतात आणि पाहतां पाहतां दहा सुबक मासे तयार होतात. मूल ते मुकाट्यानें पाहतें व थोड्या वेळानें उठून जातें. मग आपण म्हणतों कीं, हल्लींच्या मुलांचें कशांतच लक्ष लागत नाहीं! लक्ष होतें, तें आपण काढून घेतलें. शिक्षकांस तर याहून मोठा मोह पडतो: प्रत्येक माशावर एकेक पाढा लिहावा, निदान मत्स्यः, मत्स्यौ, मत्स्याः तरी. आठव्या वर्षाच्या पुढें हें खुशाल करावें. त्याआधीं माशाला मासाच राहूं द्यावें.

दोन्ही हात मांडीवर ठेवून जवळ बसणें, विचारल्यास सांगणें आणि गांठ सुटत नसेल तेवढीच सोडविणें, इतकेंच वडिलांचें काम. घरांत चार पिढ्यांच्या वस्तु असतात, आणि रिकामा वेळ असलेलीं आजी-आजोबाहि असतात. मुलाला यांपैकीं दुसऱ्याचीच अधिक गरज आहे. पुढल्या पावसाळी दुपारीं परात उतरवावी, आणि पहिला वाकडा मासा पाण्यांत पडेल तेव्हां तो तसाच पोहूं द्यावा.