हेडफोनचा एक कान गेला, आणि दुरुस्तीच्या हक्काच्या यादीत हेडफोनच नाही

"ताई, डाव्या कानात काहीच येत नाहीये. दोन दिवस नुसती खरखर होती, आज पूर्ण बंद." मावसभावाचा हा व्हॉइस मेसेज रविवारी सकाळी आला. तो सदाशिव पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. अभ्यासिकेत आवाज चालत नाही, त्यामुळे सगळी लेक्चर्स हेडफोनवरच. हेडफोन ब्लूटूथचा, कान पूर्ण झाकणारा, तेराशे रुपयांचा. वॉरंटी संपून दोन महिने झालेले. त्याने कंपनीला मेल केला होता. उत्तर आलं की वॉरंटीबाहेर आम्ही दुरुस्ती करत नाही, पण नवीन घ्यायचा असेल तर हे घ्या डिस्काउंट कूपन. पैसे भरतो, दुरुस्त करून द्या म्हटलं तरी तशी सोयच नाही.

त्याचं बजेट होतं तीनशे रुपये. तेही मेसच्या पैशांतून वाचवलेले.

हेडफोन दुरुस्त झाला, कसा ते सांगतेच. पण त्या दिवशी डोक्यात एक प्रश्न बसला तो अजून गेलेला नाही. "दुरुस्तीचा हक्क" या विषयावरच्या बातम्या आपण २०२२ पासून वाचतोय. त्या हक्कात तेराशे रुपयांचा हेडफोन नेमका कुठे बसतो?

आधी खात्री करा की ड्रायव्हरच गेलाय

हेडफोनच्या प्रत्येक कानात एक छोटा स्पीकर असतो, त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. आत एक चुंबक, त्याच्या खाचेत केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी, आणि तिला चिकटलेला पातळ प्लास्टिकचा पडदा. गुंडाळीतून सिग्नल गेला की ती पुढेमागे हलते, पडदा हलतो, आवाज येतो. एवढंच यंत्र. मात्र एक कान बंद म्हणजे ड्रायव्हर गेला असं लगेच समजू नका. वायरवाल्या हेडफोनमध्ये बहुतेक वेळा पिनजवळची वायर आतून तुटलेली असते. ब्लूटूथवाल्यात बिजागरीतून जाणारी वायर घडी घालून घालून तुटते.

सगळ्यात आधी फोन तपासा. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा बॅलन्स असतो, तो चुकून एका बाजूला सरकलेला असू शकतो. तिथेच मोनो ऑडिओचं बटणही असतं. ते चालू केलं की दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानात येतो. लेक्चर ऐकायला तेवढं पुरतं आणि खर्च शून्य. मावसभावाला मी पहिल्यांदा हेच करायला लावलं, म्हणजे त्याचा त्या दिवशीचा अभ्यास तरी बुडला नाही.

संध्याकाळी तो हेडफोन घेऊन घरी आला. कानाची गादी ओढून काढली, खाली चार स्क्रू होते. इथे आमचं नशीब चांगलं. काही मॉडेलमध्ये स्क्रू नसतातच, दोन भाग चिकटवलेले असतात आणि उघडताना प्लास्टिक तुटतं. आत डाव्या बाजूला बॅटरी आणि ड्रायव्हर, उजव्या बाजूला सर्किट बोर्ड आणि दुसरा ड्रायव्हर. हेडफोन बंद करून मी डाव्या ड्रायव्हरची एक वायर सोडवली आणि मल्टिमीटर दोनशे ओहमवर ठेवून दोन टोकांना लावला. स्वस्त मल्टिमीटरवर सर्किट तुटलेलं असेल तर डावीकडे फक्त "१" दिसतो. तोच दिसला. उजव्या ड्रायव्हरने ३१ ओहम दाखवले. म्हणजे डावीकडची गुंडाळी तुटलीय हे नक्की झालं.

मल्टिमीटर नसेल तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या आणि दोन वायरींनी ड्रायव्हरच्या टोकांना क्षणभर टेकवा. ड्रायव्हर जिवंत असेल तर "टक्" असा आवाज येतो. फक्त त्याआधी ड्रायव्हर बोर्डापासून सोडवलेला हवा, नाहीतर सेलचा करंट चिपमध्ये शिरेल. बॅटरीच्या आसपास टोकदार काही नेऊ नका. लिथियमच्या बॅटरीला भोक पडलं तर आग लागू शकते.

तुटलेली गुंडाळी घरी जोडता येत नाही. ड्रायव्हर बदलणं हाच उपाय.

पासोड्या विठोबा, पॉलिथिनची पिशवी आणि सहा ड्रायव्हर

परदेशात ही हौस असलेले लोक सरळ अलीएक्सप्रेसवरून सुटे ड्रायव्हर मागवतात. भारतात ते अ‍ॅप नोव्हेंबर २०२० पासून बंदी असलेल्यांच्या यादीत आहे. त्यामुळे मी गेले बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड. तिसऱ्या दुकानात काकांनी पॉलिथिनची एक पिशवी काढली. आत ४० मिलिमीटरचे ड्रायव्हर, एकावरही काही छापलेलं नाही.

"किती ओहमचे आहेत?"

"सगळ्याला बसतात मॅडम, चालवून बघा."

मी पिशवीतून मल्टिमीटर काढल्यावर काका हसले, पण मोजू दिलं. सहापैकी दोन १६ ओहमच्या आसपास निघाले, एक मेलेला, तीन ३० ते ३२ मध्ये. त्या तिघांतले सगळ्यात जवळचे दोन घेतले, एकशे साठ रुपयांना.

एकच ड्रायव्हर मेलेला असताना दोन का घेतले? कारण व्यास आणि ओहम जुळले तरी दोन वेगळ्या बनावटीचे ड्रायव्हर सारखे वाजतात असं नाही. एका कानात आवाज मोठा, दुसऱ्यात बारीक, किंवा एकीकडे बेस आणि दुसरीकडे नुसती किणकिण. गाणं एक वेळ सहन होईल, रोज सहा तास लेक्चर ऐकणाऱ्याला हा असमतोल डोकेदुखी देतो. म्हणून जोडीच बदलावी.

बसवणं तसं तासाभराचं काम. जुने ड्रायव्हर कडेच्या गोंदातून हळू सोडवले, नवे बसवले, टाके मारले. सोल्डरिंग गन एका टाक्यावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवायची नाही, प्लास्टिक वितळतं. दोन गोष्टींनी मात्र घोळ होतो. पहिली म्हणजे प्लस-मायनस. एका बाजूची वायर उलटी जोडली गेली तर दोन्ही कान चालतात, पण बेस गायब होतो आणि बोलणाऱ्याचा आवाज पोकळ, डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटतो. लोकांना वाटतं ड्रायव्हरच भंगार निघाला. असं झालं तर एका बाजूच्या वायरींची अदलाबदल करा. दुसरी गोष्ट म्हणजे कडेची फट. ड्रायव्हरच्या कडेने हवा गळत राहिली तर बेस टिकत नाही, म्हणून रबरासारखा लवचिक राहणारा गोंद गोल फिरवून लावायचा. फेविक्विकसारखा झटपट गोंद नको. त्याचा थेंब पडद्यावर गेला की पडदा कडक होतो आणि खेळ खलास.

आणि ब्लूटूथवाल्यांसाठी एक सूचना. वायरवाल्या हेडफोनमध्ये दोन्ही ड्रायव्हरचं मायनस एकत्र असतं. ब्लूटूथच्या बऱ्याच चिपमध्ये तसं नसतं, प्रत्येक ड्रायव्हरच्या दोन्ही वायरी स्वतंत्र असतात. त्यांचं मायनस एकत्र जोडू नका, चिप जळू शकते.

एकूण खर्च दोनशे रुपये, त्यात चाळीस गोंदाचे. सोल्डरिंग गन आणि मल्टिमीटर माझ्याकडे कॉलेजपासून होते. हे मुद्दाम सांगतेय, कारण ही हत्यारं नव्याने घ्यायची तर दुरुस्तीपेक्षा तीच महाग पडतील. तुमच्याकडे नसतील तर ड्रायव्हर स्वतः आणा आणि ओळखीच्या मोबाइल रिपेअरवाल्याकडून बसवून घ्या. त्याच्याच भंगाराच्या डब्यात तुमच्याच मॉडेलचा, बॅटरी मेलेला हेडफोन मिळाला तर फारच उत्तम. त्यातल्या ड्रायव्हरची जोडी तुमच्या हेडफोनला मुळापासून जुळणारी असते.

आवाज आधीसारखा झाला का? नाही. कंपनी हेडफोनच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ ड्रायव्हरच्या हिशोबाने आवाज जमवून ठेवते. नव्या ड्रायव्हरवर तोच हिशोब थोडा कर्कश वाटतो. फोनच्या इक्वलायझरमध्ये वरचा भाग थोडा उतरवला आणि काम भागलं.

यादीत कोण आहे, कोण नाही

आता तो प्रश्न. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही चार क्षेत्रं ठरली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू झालं. मे २०२५ मध्ये भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने रिपेअरेबिलिटी इंडेक्सचा अहवाल दिला. कल्पना फ्रिजवरच्या स्टारसारखी आहे. वस्तू उघडायला किती सोपी, सुटे भाग मिळतात का, माहिती दिलीय का, यावरून गुण द्यायचे आणि ते विकत घेतानाच ग्राहकाला दिसायला हवेत. चांगलीच कल्पना आहे. पण पहिला भर स्मार्टफोन आणि टॅबलेटवर आहे.

युरोपातही तेच. २० जून २०२५ पासून तिथे स्मार्टफोन-टॅबलेट विकणाऱ्यांना मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग द्यावे लागतात. फ्रान्सने तर १ जानेवारी २०२१ पासूनच असा इंडेक्स आणला. सुरुवात स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि गवत कापायच्या यंत्रापासून झाली. गवत कापायचं यंत्र आहे, हेडफोन नाही!

या सगळ्यामागचा तर्क मला कळतो. महाग वस्तू आधी, कारण नुकसान मोठं. पण महाग कुणाच्या हिशोबाने? माझ्या पगारात तेराशे रुपये म्हणजे एका वीकेंडचं जेवण. मावसभावाच्या हिशोबात अर्धी मेस. ज्याच्याकडे पैसे कमी, तो स्वस्त वस्तू घेतो, आणि नेमकी तीच वस्तू प्रत्येक यादीच्या खाली सुटून जाते.

कंपन्यांचीही एक बाजू आहे. दर दोन-चार महिन्यांनी नवं मॉडेल येतं, प्रत्येकाचे सुटे भाग वर्षानुवर्षं साठवायचे तर स्वस्त हेडफोन स्वस्त राहणार नाही. मान्य. पण ड्रायव्हरच्या बाबतीत हा मुद्दा टिकत नाही. बाहेरचं कव्हर बदलतं, रंग बदलतो, आत मात्र बहुतेक वेळा तोच ४० मिलिमीटरचा, ३२ ओहमचा ड्रायव्हर. कंपनीने काही साठवू नये. फक्त गोंदाऐवजी स्क्रू लावावेत आणि कव्हरच्या आतल्या बाजूला व्यास आणि ओहम एवढी एक ओळ छापावी. बाकीचं पासोड्या विठोबाजवळचे काका बघून घेतील.

हे जमतं, याचा पुरावा आहे. नेदरलँड्सच्या फेअरफोन कंपनीने २०२३ मध्ये आणलेल्या हेडफोनमध्ये स्पीकरसकट बहुतेक भाग साध्या स्क्रूड्रायव्हरने बदलता येतात. किंमत मात्र २४९ युरो होती, म्हणजे आपल्या कामाचं नाही.

स्वस्त हेडफोनसाठी मला थोडी आशा दिसते ती युरोपच्या बॅटरीच्या नियमात. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या छोट्या उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडले तर, वापरणाऱ्याला स्वतः काढता यायला हवी. यात ड्रायव्हरचा उल्लेख नाही, पण बॅटरी काढायची तर कव्हर उघडावं लागतं, आणि ड्रायव्हर त्याच कव्हरखाली असतो. ज्या कारखान्यांतून युरोपला माल जातो, त्यांनी तोच साचा आपल्याकडच्या मालासाठी वापरला तर आपलाही फायदा. वापरतील की नाही, ते तेव्हाच दिसेल.

कानात घालायच्या इअरबड्सबद्दल मात्र मी कुणाला आशा दाखवणार नाही. आयफिक्सिट या संस्थेने २०१६ साली पहिले एअरपॉड्स उघडून पाहिले आणि दुरुस्तीसाठी दहापैकी शून्य गुण दिले. उघडताना ते तुटणारच, अशी त्यांची रचना. स्वस्त इअरबड्सही बहुतेक चिकटवलेलेच असतात. त्यात ड्रायव्हर बदलण्याच्या फंदात मी स्वतः पडत नाही.

परवा मावसभावाचा पुन्हा मेसेज आला. "ताई, अभ्यासिकेत अजून तिघांचे हेडफोन बंद आहेत. रविवारी आणू का? एकाचे इअरबड्स आहेत, त्याला मी आधीच नाही म्हणून सांगितलंय."