बातमी शिकवायची, पण लिहू द्यायची नाही

पदवीच्या मराठी अभ्यासक्रमात वृत्तलेखन शिकवले जाते. कोण, काय, कुठे, केव्हा, का आणि कसे हे सहा प्रश्न विद्यार्थी तोंडपाठ म्हणतो. सरावाला त्याला पुराची, अपघाताची, सत्कार समारंभाची बातमी दिली जाते. पण हेच सहा प्रश्न त्याने स्वतःच्या महाविद्यालयाला विचारले की वार्षिकांकाच्या बैठकीत ‘संस्थेची बदनामी’ हा शब्द हमखास उच्चारला जातो. आमचा आक्षेप नेमका या विसंगतीला आहे.

परभणीसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. विद्यापीठ नांदेडला, मंत्रालय मुंबईला. जिंतूर, पालम किंवा सोनपेठच्या महाविद्यालयात एका विषयाचा वर्ग सत्रभर शिक्षकावाचून राहिला, तर त्याची चौकशी करायला कोणता वार्ताहर येणार? जिल्हा पुरवणीत महाविद्यालयाची म्हणून जी बातमी छापून येते, ती बहुधा महाविद्यालयानेच लिहून पाठवलेली असते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाने बोलावे, तर पुढच्या वर्षीची नेमणूक व्यवस्थापनाच्या हाती. उरतो विद्यार्थी. शिक्षक का नाही, शिष्यवृत्ती कुठे अडली, ग्रंथालय किती वाजता बंद होते, हे सारे तो रोज भोगतो. त्यामुळे त्याच्याइतका जवळचा साक्षीदार दुसरा नाही. मात्र त्याचे अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आपल्याच हातात असतात, हे त्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही.

विद्यार्थी अपरिपक्व असतो, अर्धवट माहितीवर लिहितो, असे काही सहकारी म्हणतात. ते खरे मानले तरी त्यावरचा उपाय शिकवणे हा आहे. गप्प बसवणे हा नव्हे. कागद कसा तपासावा, प्राचार्यांची बाजू कशी घ्यावी, ऐकीव आणि पाहिलेले कसे वेगळे ठेवावे, हे शिकवायलाच तर आपण वर्गात उभे असतो. माहितीचा अधिकार कायदा २००५ पासून आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. अनुदानित महाविद्यालयातील मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे विद्यार्थ्याने अशा अर्जाने विचारले, तर त्यापेक्षा चांगला प्रकल्प कोणता?

शिक्षण आणि पत्रकारिता यांचे वैर मराठी परंपरेला ठाऊक नाही. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवत असतानाच आगरकर १८८१ मध्ये ‘केसरी’चे संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणातील मजकुरासाठी १८८२ मध्ये त्यांनी टिळकांसह १०१ दिवस डोंगरीचा तुरुंग भोगला. तेच आगरकर १८९२ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. आज एखाद्या विद्यार्थ्याने वसतिगृहातील पाण्यावर चार परिच्छेद लिहिले, तर त्याच्या पालकांना बोलावून घेण्याची भाषा होते!

आणि परभणीने तरी हे विसरू नये. बी. रघुनाथांनी निजामी राजवटीत सरकारी कारकुनी सांभाळून लिहिले. त्यांच्या एका कादंबरीचे नावच ‘जगाला कळले पाहिजे’ असे आहे. त्यांच्या साहित्यातील सामाजिक जाणिवेवर चर्चासत्रे भरवायची, निबंध वाचायचे, प्रमाणपत्रे वाटायची आणि जगाला काही कळावे म्हणून लिहिणाऱ्या पोराची लेखणी मात्र काढून घ्यायची, याला साहित्याचे अध्यापन म्हणता येणार नाही.

आमची मागणी मोठी नाही. वार्षिकांकातील सोळा पाने विद्यार्थ्यांच्या वृत्तांतासाठी राखून ठेवावीत. त्यांवर व्यवस्थापनाची पूर्वसंमती नसावी. मात्र दोन्ही बाजू छापण्याची सक्ती असावी. चूक झाली तर पुढच्या अंकात दुरुस्ती यावी. लिहिणाऱ्याचे अंतर्गत गुण त्या बातमीशी संबंध नसलेल्या प्राध्यापकाने द्यावेत. याने ज्या संस्थेची बदनामी होईल, तिची बदनामी बातमीने केलेली नसेल. ती आधीच झालेली असेल. फक्त छापली गेली नसेल.