दचकायला हरकत नाही

साखरशेतच्या मंडळींनो, भीती घालणारी कला म्हणजे काय, हे तुम्हाला शहरातून कोणी येऊन शिकवायला नको. उन्हाळ्याच्या तोंडाला जव्हार-मोखाड्यात बोहाडा लागतो. टेंभ्यांच्या उजेडात, संबळ-पिपाणीवर एकेक सोंग नाचत पुढे येतं. रावण येतो, त्राटिका येते. बटबटीत डोळे, बाहेर आलेले सुळे. पोरं आईच्या पदरात तोंड खुपसतात आणि फटीतून बघतातच. सोंग घाबरवण्यासाठीच असतं, तरी त्याच्यावर कोणी दगड उचलत नाही. जगदंबा आणि महिषासुराची झुंज झाल्याशिवाय त्या भीतीचा अर्थ लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

हीच माणसं मोबाइलवर आलेला एखाद्या नाटकाचा चिमूटभर तुकडा पाहून मात्र पेटतात. माझी विनंती अशी, की बोहाड्यासाठी राखलेला धीर बाकीच्या कलेलाही द्या.

विजय तेंडुलकरांची दोन नाटकं 1972 साली आली. ‘सखाराम बाइंडर’चा नायक नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवतो. सेन्सॉरने नाटक अडवलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. डिसेंबरात पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ उभं राहिलं. नाना फडणवीसांची आणि ब्राह्मणांची बदनामी म्हणून ओरड झाली, 19 प्रयोगांनंतर नाटक करणाऱ्या संस्थेनेच ते थांबवलं. कलावंतांनी थिएटर अकॅडमी काढून ते पुन्हा उभं केलं. ज्याने पहिल्या अर्ध्या तासात खुर्ची सोडली, त्याला मुद्दा कळलाच नसणार. शेवटी लोक घाशीरामला ठेचून मारतात, आणि त्याला कोतवाल करणारा नाना शाबूत राहतो. आपल्या बोहाड्यात राक्षस मेला की सुटका होते. तेंडुलकर ती सुटका देत नाहीत. राग त्याचाच आला असेल, असं मला वाटतं.

पण धक्का दिला म्हणजे कला थोर झाली, असंही समजू नका. नुसतं डिवचून नाव कमावणारे पुष्कळ असतात. ओळखायचं कसं? धक्का कोणाच्या जिवावर दिलाय ते बघा.

आपल्याच तालुक्यातलं बघा. वावर-वांगणीत 1992 साली कुपोषणाने मुलं गेली, तेव्हा कुठे मुंबईला जाग आली. उद्या गावातल्या एखाद्या पोराने शाळेच्या भिंतीवर वारली रेषांत हाडं निघालेलं मूल काढलं, तर ‘गावाची बदनामी करतो’ म्हणून त्याला चुना फासायला लावू नका. बदनामी चित्राने होत नाही, ताटात काही नसण्याने होते. उलट बाहेरचा कोणी कॅमेरा घेऊन आला, आईला न विचारता तिच्या उघड्या पोराचा फोटो काढून शहरातल्या गॅलरीत टांगणार असेल, तर त्याला तिथल्या तिथे हटका. दोन्ही चित्रं बघणाऱ्याला सारखीच हादरवतील, पण दुसऱ्यात त्या मुलाच्या बाजूचं कोणी नाही.

आणि सगळं पाहूनही नाही पटलं, तर बिनधास्त बोला. प्रयोग संपल्यावर नटाला गाठून विचारा, ग्रामसभेत विषय काढा, वर्तमानपत्राला पत्र लिहा. सहन होत नसेल तर उठून घरी जा, त्यात कमीपणा नाही. लहान पोरांना न्यायचं की नाही, हे आधी विचारून घ्या आणि स्वतः ठरवा. फक्त मंडप पाडायला जाऊ नका, आणि ‘आमच्या भावना दुखावल्या’ म्हणत कोणी टेम्पो भरून माणसं गोळा करायला आला, तर गाडीत बसण्याआधी त्याला एकच विचारा: तू ते नाटक पाहिलंस का रे?