दाढ ठणकतेय, गोळी लिहायची का?

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बीडीएसच्या कुठल्याही ग्रुपवर काय फिरत असतं? सीनियर्सच्या नोट्सची पीडीएफ, कुणीतरी मोबाइलवर स्कॅन केलेली पुस्तकाची पानं आणि रूट कॅनालचे यूट्यूब व्हिडीओ. यात गैर काही नाही. हाताचं काम बघूनच शिकावं लागतं. डेमोच्या वेळी सरांभोवती एवढी गर्दी असते, की मागच्यांना फक्त पुढच्यांचे ॲप्रन दिसतात. व्हिडीओ निदान दहा वेळा मागे नेता येतो. पण तो सांगतो कसं करायचं ते. करायचं की नाही, हे कुठे बघायचं?

ओपीडीत रोज दिसणारी केस घ्या. दाढ ठणकतेय, रात्रभर झोप नाही. गालावर सूज नाही, ताप नाही. आतली नस सुजलीय, म्हणजे तुमच्या पुस्तकातला इर्रिव्हर्सिबल पल्पायटिस. पेशंट म्हणतो, ‘डॉक्टर, सध्या गोळ्या द्या, दाढेचं नंतर बघू.’ बऱ्याचदा मेडिकलवाल्याने अमॉक्सिसिलिन आधीच दिलेलं असतं.

आता पबमेड उघडा. पल्पायटिस आणि अँटिबायोटिक्स एवढंच टाका, डावीकडच्या फिल्टरमध्ये ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’वर टिक करा. नेमक्या याच प्रश्नावरचा कॉक्रनचा रिव्ह्यू सापडतो. पेनिसिलिनने हे दुखणं कमी झाल्याचं दिसलं नाही, असं तो सांगतो. इथे थांबलात तर अर्धंच वाचलंत. कारण हा निष्कर्ष उभा आहे एकाच अभ्यासावर, आणि त्यात पेशंट होते फक्त 40. पुरावा तोकडा असल्याचं रिव्ह्यू लिहिणारेच कबूल करतात. तरीही अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 मध्ये सांगितलं, की प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या प्रौढाला अशा दुखण्यासाठी अँटिबायोटिक देऊ नये; दाताचे उपचार करावेत. कारण गोळीचा फायदा दिसत नाही आणि तोटा मात्र माहीत आहे: जुलाब, ॲलर्जी आणि औषधांना न जुमानणारे जंतू. दहा मिनिटांच्या वाचनात एवढं हाती लागतं. पेशंटला ‘नाही’ म्हणायला धीर येतो तो यातूनच.

‘पण सर, पेपर उघडतच नाही, पैसे मागतो,’ ही तक्रार खरी आहे. पबमेड 1997 पासून सगळ्यांना फुकट आहे, पण ती मुळात यादी आहे. पूर्ण लेख प्रत्येक वेळी मिळतोच असं नाही. मग बरेच जण ॲबस्ट्रॅक्टच्या शेवटच्या ओळीवर भागवतात, आणि किती पेशंट होते, कशाशी तुलना केली, हे तसंच राहतं. अशा वेळी ‘फ्री फुल टेक्स्ट’चा फिल्टर लावून बघा. आपल्याकडची ‘जर्नल ऑफ कन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री अँड एंडोडॉन्टिक्स’सारखी नियतकालिकं पूर्ण वाचायला मिळतात आणि त्यातले पेशंट आपल्या ओपीडीतल्यांच्या जवळचे असतात. केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, सुमारे 13,000 जर्नल्स. पण सुरुवात सरकारी संस्थांपासून झाली आणि डेंटलची बहुतेक मुलं शिकतात खासगी कॉलेजात. लाखांत फी भरायची आणि जर्नलसाठी सरकारी कॉलेजातल्या मित्राला मेसेज टाकायचा, हे काही बरं नाही.

चॅटबॉटला विचारणारेही आता कमी नाहीत. विचारा की! पण त्याने दिलेला संदर्भ पबमेडवर शोधल्याशिवाय सेमिनारच्या स्लाइडवर टाकू नका. लेखकाचं नाव, जर्नल, साल सगळं झकास जुळवून तो कधी कधी अस्तित्वातच नसलेला पेपर हातात ठेवतो.

मुलं शोधत नाहीत, असं म्हणून त्यांच्यावर खापर फोडणं सोपं आहे. बीडीएसच्या पेपरात ‘शॉर्ट नोट लिहा’ असतं. ‘हे कशावरून म्हणता?’ हे क्वचितच कुणी विचारतं. मग एमडीएसला प्रबंध समोर आला, की ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ हे शब्द पहिल्यांदा अंगावर येतात. त्यापेक्षा थर्ड इयरच्या पोस्टिंगपासूनच आठवड्याला एक केस, एक प्रश्न आणि एक पेपर, एवढं विभागाने का करू नये? तोवर एक काम तुमच्याच हातात आहे. उद्या लायब्ररीत जा आणि कॉलेजने कोणती ई-जर्नल्स घेतली आहेत, लॉगिन काय आहे, ते विचारा. लॉगिन मिळालं तर ग्रुपवर टाका. नसेलच, तर वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन डीनना अर्ज द्या.