पांढऱ्या कागदापुढचा माणूस

पाठीमागचं सगळं काढून टाकलं की माणसाचं अंतरंग उघडं पडतं, असं सर्रास म्हटलं जातं आणि दाखला म्हणून छायाचित्रकार रिचर्ड अ‍ॅव्हेडनचं नाव हमखास पुढे येतं. १९७९ ते १९८४ या काळात त्याने अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या सातशेहून अधिक लोकांना पांढऱ्या कागदापुढे, सावलीतल्या मऊ उजेडात उभं केलं. ही छायाचित्रं थोरच आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. उघड्या अंगावर मधमाश्या घेऊन निश्चल उभा असलेला मधुपालक पाहा. त्याची स्थितप्रज्ञता पाहून लोक भारावतात. पण अ‍ॅव्हेडनने आधी कल्पनाचित्र रेखाटलं होतं, मधुपालकांच्या नियतकालिकात जाहिरात देऊन माणूस शोधला होता आणि माश्या बसाव्यात म्हणून त्याच्या अंगाला राणीमाशीचा गंध लावला होता. १९५७ सालच्या ड्यूक आणि डचेस ऑफ विंडसर यांच्या छायाचित्राची हकिकत तर त्याने स्वतःच सांगितली आहे. येताना आपली टॅक्सी एका कुत्र्यावरून गेली, अशी थाप त्याने मारली. कुत्र्यांवर जीव असलेल्या त्या दोघांचे चेहरे उतरले आणि त्याने शटर दाबलं. थापेने का होईना, मुखवटा तर गळला, असं कोणी म्हणेल. पण हळहळलेला चेहरा खरा आणि त्याआधीचा हसरा खोटा, हे ठरवलं कोणी?

मग रिकाम्या पार्श्वभूमीचं मोल काय? माझ्या मते, ती नजरेला पळवाट ठेवत नाही. पश्चिमेचे डोंगर, घोडे, सूर्यास्त दिसले असते, तर खाणकामगारही त्या देखाव्याचा भाग होऊन गेला असता. कागदापुढे तसं होत नाही. ८ बाय १० इंचांच्या फिल्मवर त्याच्या कातडीत बसलेली काजळी, कपड्यांवरचा मळ, लोंबते हात असे दिसतात की टाळताच येत नाहीत. शिवाय अ‍ॅव्हेडन कॅमेऱ्यामागे न दडता त्याच्या बाजूला, समोरच्याला दिसेल असा उभा राही. त्या डोळ्यांत दिसतं ते दोन अनोळखी माणसांचं एकमेकांना जोखणं, आणि मला ते अंतरंगाच्या दाव्याहून मोलाचं वाटतं.

माणसाला त्याच्या मातीतून उपटून नमुन्यासारखं मांडलं, हा आक्षेप गंभीर आहे. कागद त्याचं घर, काम, शेजार खरोखरच झाकतो. म्हणूनच या छायाचित्रांखालची नाव, व्यवसाय, ठिकाण आणि तारीख सांगणारी ओळ मी छायाचित्राचाच भाग मानतो. ती गाळून नुसता चेहरा छापला, तर तो आक्षेप मलाही खोडता येणार नाही.