कार्ड नव्हे, कायदा हवा!

१५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयातील नवजात अतिदक्षता विभागात आग लागून १० अर्भके दगावली. बुंदेलखंडातील कष्टकऱ्यांचा आधार असेच सरकारी रुग्णालय आहे. २०१८ ची आयुष्मान योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत विमाकवच देते. पण ते दाखल रुग्णाचे बिल भागवते. नव्या खाटा, परिचारिका, सुरक्षित वीजव्यवस्था यांची हमी देत नाही. राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्चावी, असे २०१७ चे राष्ट्रीय धोरण सांगते. मात्र धोरण मोडल्यास शिक्षा नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्यहक्काचा कायदा केला. उत्तर प्रदेशातही निधीचे प्रमाण बंधनकारक करणारा कायदा झालाच पाहिजे. त्यासाठी कामगार-किसानांनी संघटित लढा उभारावा!